आमच्या पाळीची खिरापत

पाऊस गेला की नाही, हे आमच्या घरात आई ठरवायची. गणपती होऊन जायचे, पितृपंधरवडा लागायचा, आणि एखाद्या सकाळी ती गॅलरीत उभी राहून मिठागरांकडे तोंड करून वास घ्यायची. मुलुंड पूर्वेला तेव्हा आमच्या बिल्डिंगीच्या मागे वस्ती नव्हती. थोडं गवताळ रान, मग चिखल आणि त्यापलीकडे खाडीपर्यंत पसरलेली मिठागरं. पावसाळाभर तिकडून कुजलेल्या पाल्याचा कुबट वास यायचा. ऊन टिकायला लागलं की तो हळूहळू कोरडा आणि खारट व्हायचा. "गेला एकदाचा," ती म्हणायची आणि पदर खोचून कामाला लागायची. मग गोधड्या, उशा, कपाटाच्या तळाशी ठेवलेल्या साड्या, बुरशीची पांढरी साय धरलेल्या चपला, सगळं गच्चीवर जायचं. आमसुलं पुन्हा उन्हात पडायची. तांदळाचा पत्र्याचा डबा चादरीवर पालथा व्हायचा आणि मी व माझी धाकटी बहीण छबी कावळे हाकत तिथे बसायचो. डोक्यावर चतुर उडत असायचे, इतके की हात वर केला तर एखादा बोटाला लागेल. रुळांच्या पलीकडे पश्चिमेला डोंगर दिसायचे, चार महिने ढगांत असलेले, आता धुऊन पुसून ठेवल्यासारखे स्वच्छ. लोक ऑक्टोबरच्या उकाड्याला कंटाळायचे. आई कधी तक्रार करायची नाही. "भाजू दे की. चार महिने भिजलोच ना?" म्हणायची. संध्याकाळी गोधडी घरात आली की तिच्यात ऊन असायचं, आणि आम्ही दोघी तोंड खुपसून ते हुंगत बसायचो.

आता माझे कपडे मशीनमध्ये वाळतात, आमसुलं पाकिटातून येतात. तरी पितृपंधरवड्यात ऊन पडलं की मला घरात बसवत नाही. काहीतरी उचलून बाहेर नेऊन टाकावंसं वाटतं. माझ्या सुनेला ते विचित्र वाटतं. तिला मी कधी कारण सांगितलेलं नाही.

आई गेली ती श्रावणात. कावीळ झाली होती. आधी घरचे उपाय झाले, मुळ्याच्या पाल्याचा रस झाला, कुणी मंतरलेली माळ आणून गळ्यात घातली. मग डोळे हळदीसारखे झाले आणि ती बोलताना मध्येच गप्प व्हायला लागली, तेव्हा आप्पांनी तिला हॉस्पिटलात नेलं. तिथून ती परत आली नाही. मी तेरा वर्षांची होते, छबी सात. त्या दिवसांतल्या मला मुख्यतः आठवतात त्या छत्र्या. येणारा प्रत्येक माणूस आपली छत्री दाराबाहेर भिंतीला टेकवायचा, आणि त्यांचं पाणी ओघळून उंबऱ्यातून आत यायचं. मी सारखी फडकं घेऊन ते पुसत होते. कुणीतरी म्हणालं, "राहू दे गं कुंदा." पण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आप्पांची मोठी बहीण, मालूआत्या, गावाहून आली आणि राहिली. तिचं गाव मालवणच्या अलीकडे, खाडीकाठी. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला, शेती मुलगा बघायचा. उंच, हडकुळी बाई, बोलणं तोडून टाकल्यासारखं. ती आमचं सगळं करायची. पहाटे स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला की आत्या उठली असं समजायचं. ती चांगला स्वयंपाक करायची, पण तो आमच्या घरचा नव्हता. आई माशाच्या आमटीत आमसूल घालायची, आत्या चिंच घालायची. आई तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला ओतायची, आत्या मोरीत. अशा बारीकसारीक गोष्टी मला टोचायच्या आणि त्या कुणाला सांगण्यासारख्या नव्हत्या. आप्पा कंपनीत पहिल्या पाळीला जायचे, दुपारी चारच्या सुमाराला परत यायचे आणि गॅलरीतल्या लोखंडी खुर्चीवर बसायचे ते जेवायला हाक मारेपर्यंत. पहिल्यापासूनच ते कमी बोलायचे. आई बोलायची ते दोघांना पुरायचं. ती गेल्यावर कळलं की घरातले निम्मे शब्दसुद्धा आप्पांचे नव्हते.

त्या वर्षी पाऊस कुणी न सांगताच गेला. मी शाळेतून येत होते. आदल्या दिवशीपर्यंत दफ्तराला प्लास्टिक गुंडाळत होते, आणि त्या दुपारी रस्ता कोरडा होता. कंपाउंडच्या भिंतीवर तेरडा फुलला होता, आभाळ इतकं निळं की त्याच्याकडे बघायला डोळे बारीक करावे लागत होते. मला एकदम बरं वाटलं. अंगातून काहीतरी हलकं वर आलं, आणि मी चक्क धावायला लागले. जिन्यापर्यंत आल्यावर आठवलं. घरात गेले तर गोधड्या आपल्या जागी, ओलसर, घडीवर घडी. आत्या सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. मी तिला म्हटलं, "आत्या, ऊन पडलंय." ती म्हणाली, "पडांदे." त्या रात्री मला फार वेळ वाटत राहिलं की मी आईशी काहीतरी वाईट वागले. ऊन आवडायला नको होतं, निदान त्या वर्षी.

आमच्या बिल्डिंगीत नवरात्रात भोंडला व्हायचा. पाटावर हत्ती काढायचा, अंगणात मधोमध पाट मांडायचा आणि पोरींनी भोवती फेर धरायचा. रोज एका घरची खिरापत. झाकलेला डबा आणायचा, सगळ्यांनी ओळखायचं. गोड की तिखट, तळलेलं की उकडलेलं, असं विचारत विचारत. आईला गावी असताना भोंडला माहीतच नव्हता. मुलुंडला येऊन ती तो परांजपेकाकूंकडून शिकली, आणि खिरापतीत तिने सगळ्यांना मागे टाकलं. इतरांकडे करंज्या, शंकरपाळे, फार तर सुरळीच्या वड्या. आई काढायची ती कोकणातली एकेक वस्तू. पहिल्याच वर्षी तिने धोंडस केलं होतं, तवशाचं, म्हणजे मोठ्या जून काकडीचं. पुण्याकडच्या पोरींनी तो शब्दच ऐकलेला नव्हता. काकडीचा केक म्हणून सगळ्या हसल्या आणि मग डबा पुसून खाल्ला. पुढच्या वर्षी खांडवी, मग सातकापे घावन, मग खापरोळी. एकदा केलेलं ती पुन्हा करायची नाही. आमच्या पाळीच्या दिवशी मोठ्या बायकासुद्धा खाली उतरायच्या. आई वर गॅलरीत कठड्याला टेकून उभी राहायची आणि कुणी चुकीचं नाव घेतलं की पदर तोंडाला लावून हसायची.

त्या वर्षी आमच्या घरी सण नव्हता. गणपतीला आप्पा गावी गेले नाहीत, घट बसले नाहीत. संध्याकाळी खाली फेर सुरू झाला की आत्या गॅलरीचं दार लोटून घ्यायची. तरी गाणी यायचीच. विजू पराडकर कॉलेजात गेली होती, तरी फेराची पुढारी तीच, आणि तिचा आवाज बंद दारातूनही वेगळा ओळखू यायचा. छबी दारापाशी जमिनीवर बसायची आणि पायाचे अंगठे तालावर हलवायची. मी अभ्यासाचं पुस्तक समोर धरायचे.

तिसऱ्या की चौथ्या माळेला जेवताना छबी म्हणाली, "परवा आपली खिरापत आहे."

"यंदा आमच्याकडे काय नाय," आत्या म्हणाली. "त्या पोरींका सांगान टाक."

"पण पाळी आपली आहे. विजूताईने सांगितलं."

"आवय जावन दोन म्हयने नाय झाले, आनि तू फेर धरूक जातलस? लोका काय म्हणतली?"

छबीने भातात बोट फिरवलं. मग खाली बघूनच म्हणाली, "आईने मला सांगून ठेवलंय काय करायचं ते."

आप्पांचा हात ताटातच थांबला. आत्याने माझ्याकडे बघितलं, जणू मला काही ठाऊक असावं. मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं, "कधी सांगितलं?"

"ती कॉटवर झोपली होती तेव्हा. तू शाळेत होतीस. म्हणाली, या वर्षी आपण अमुक करू. कुणाला सांगू नको, नाहीतर पोरी ओळखतील."

"मग काय म्हणाली? काय करू?"

"सांगणार नाही," छबी म्हणाली. "आईने सांगितलंय सांगायचं नाही."

आत्या काहीतरी बोलायला तोंड उघडत होती, तेवढ्यात आप्पांनी डाव्या हाताने तिला थांबवलं. त्यांनी घसा साफ केला. मग छबीकडे बघून विचारलं, "गोड की तिखट?"

हा प्रश्न आम्ही दर वर्षी अंगणात शंभर वेळा ऐकलेला. पण आप्पांच्या तोंडी तो कधी आला नव्हता, आणि त्या दोन महिन्यांत त्यांनी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न असावा. छबीने वर बघितलं. विचार करून म्हणाली, "गोड."

"उकडीचे मोदक?"

"नाही."

"घावन-घाटलं?"

"नाही."

"सातकापे?" आणि मग आप्पा स्वतःच म्हणाले, "छे, ते झालं. ते केलं तेव्हा तिने मला चार नारळ खवायला बसवलं होतं. निम्मं खोबरं तुम्ही दोघींनीच खाल्लंत."

"मी नाही, ताईने," छबी म्हणाली.

"दोघींनी. मला म्हणाली, तुमचं लक्ष कुठे असतं हो? पोरी डोळ्यांसमोर खोबरं लांबवतात आणि तुम्ही पेपर वाचता." हे बोलताना आप्पांचा आवाज थोडा आईसारखा झाला, हेल काढून. मला हसू आलं. ताटं पुढ्यात सुकत होती, उष्टे हात वाळले होते. मीही नावं घ्यायला लागले, झालेली आणि न झालेलीही. खापरोळी. रसातल्या शेवया. छबी प्रत्येक नावाला आधी अगदी लक्ष देऊन ऐकायची, डोळे माझ्या तोंडाकडे, आणि मग मान हलवायची. प्रत्येक पदार्थाबरोबर काहीतरी निघत होतं. कुठल्या वर्षी गूळ कमी पडला, कुठल्या वर्षी आई खापरोळीसाठी मातीचं खापर शोधत पार भांडुपपर्यंत गेली. आईचं नाव घरात कुणी घेत नव्हतं. आता ते सारखं येत होतं आणि कुणाचंही काही बिघडत नव्हतं.

आत्या मोरीपाशी पाठ करून उभी होती. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मग तिकडूनच, मागे न बघता, ती म्हणाली, "पातोळे आसतले. हळदीच्या पानातले."

छबीने श्वास रोखून धरल्यासारखं केलं. मग हळूच म्हणाली, "नाही वाटतं."

"नाय वाटता म्हणजे?" आत्या वळली. "आसा काय नाय ता सांग."

"नाही."

शेवटी आमच्याकडची नावं संपली. आप्पांनी पाट मागे सारला. "हरलो बाबा. आता सांग. सगळे हरले की सांगायचं असतं ना?"

छबीची हनुवटी हलायला लागली. तोंड मिटलेलं, आणि त्याखाली हनुवटी थरथरत होती.

"सांग ना गं," मी म्हटलं.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

पुढचं ती हुंदक्यांत बोलली, ते आम्हाला जोडून घ्यावं लागलं. आईने सांगितलं तेव्हा तिला नाव पाठ होतं. हॉस्पिटलात गेली तेव्हाही होतं. मग एक दिवस बघितलं तर नव्हतं. ती रोज आठवत होती, शाळेत, झोपताना. तिला वाटलं, आम्ही नावं घेत गेलो की त्यातलं एक तेच असेल आणि ऐकल्याबरोबर तिला कळेल. "मला एकटीला सांगितलं होतं आईने," ती म्हणत राहिली. "मला एकटीला सांगितलं होतं."

आप्पांनी उष्ट्या हातानेच तिला ओढून मांडीवर घेतलं. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, तिच्या केसांत होता. पाठ हलत होती. आत्या पुढे आली, मध्येच थांबली आणि परत मोरीकडे वळून नळ मोठा सोडून उभी राहिली. मी आमची ताटं उचलली. काहीतरी करायला हवं होतं.

थोड्या वेळाने आप्पा म्हणाले, "एक राहिलंच की. धोंडस कुणी म्हटलं नाही."

छबीने डोळे पुसले. फार वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. "तेच असेल का?"

"तेच. दुसरं काय असणार?"

"हो," ती म्हणाली. "तेच म्हणाली होती बहुतेक."

आई एकदा केलेलं पुन्हा करत नसे, हे मला माहीत होतं आणि आप्पांनाही माहीत होतं. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पा कंपनीतून येताना स्टेशनाबाहेरच्या बायकांकडून तवसं घेऊन आले, हाताएवढं लांब, पिवळंधमक. म्हणाले, मीच करणार. आत्याने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. "तुका जमाचा नाय. किसूचा काम माझा. तू गूळ चिर." लोकांचं काय, हे तिने पुन्हा काढलं नाही. देठाकडची चकती कापून तिने जिभेला लावून बघितली, कडू आहे की काय म्हणून. मी तांदळाचा रवा भाजला. आई भांड्यावर तवा ठेवून त्यावर निखारे घालायची, ते खालच्या इस्त्रीवाल्याकडून मागून आणायची. आप्पा घमेलं घेऊन गेले. इस्त्रीवाल्याने काही न विचारता इस्त्री उघडून निम्मे निखारे ओतले. पाळीचा दिवस रविवार होता; दुपारी ते भांडं मंद आचेवर बसलं, आणि काकडी, गूळ, वेलची यांचा वास जिन्यातून खालपर्यंत गेला. घर तापलं होतं. गॅलरीचं दार उघडं होतं आणि मिठागरांवरून कोरडा वारा येत होता. आत्याने एकाएकी उठून गोधड्या काढल्या. "कुंदा, ह्यो गच्चेर नी," म्हणाली. मी आणि छबी दोन-दोन घड्या डोक्यावर घेऊन वर गेलो. गच्चीवर चतुर होते. छबी त्यांच्यामागे धावायला लागली आणि मी तिच्यामागे. किती वेळ धावलो कुणास ठाऊक. दमून टाकीपाशी बसलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की एवढ्या वेळात मला आईची आठवण झाली नव्हती. त्याआधी असा एकही तास गेला नव्हता.

संध्याकाळी आम्ही खाली गेलो. फेरात शिरताना पोरींनी बाजूला होऊन जागा दिली. छबीचा हात विजूने धरला. गाणी झाली, आणि मग छबी डबा मधोमध ठेवून त्याच्यावर दोन्ही हात दाबून बसली. वासाने सगळं अंगण भरलं होतं. मोठ्या पोरींनी तो पहिल्याच श्वासाला ओळखला असणार. मी बघत होते. विजूने एकदा डब्याकडे बघितलं, एकदा वर आमच्या गॅलरीकडे. तिथे आप्पा उभे होते आणि त्यांच्या मागे दारात आत्या.

"गोड की तिखट?" विजूने विचारलं.

"गोड," छबी म्हणाली.

"बेसनाचे लाडू."

"नाही."

"करंज्या," दुसरी म्हणाली.

"नाही."

"शिरा? नारळाच्या वड्या? गुळपोळी?"

परांजप्यांची धाकटी नेहमीप्रमाणे उतावळी होती. "अगं, हे तर धों..." एवढं म्हणेपर्यंत तिच्या बहिणीने तिच्या दंडाला असा चिमटा काढला की ती कळवळली. मग तीही म्हणाली, "अनारसे." नावं येत राहिली. घावन, साटोऱ्या, चिरोटे. एवढ्या पोरी, आणि एकीनेही बरोबर नाव घेतलं नाही. छबी प्रत्येकीला मान हलवत होती, आणि दर वेळी तिची मान थोडी ताठ होत होती. शेवटी विजूने हात जोडले. "हरलो गं बाई. तुमच्या घरची खिरापत कधी ओळखता आलीय आम्हाला?" छबीने झाकण काढलं. "धोंडस," ती म्हणाली, आणि हसली. आई गेल्यानंतर ती तशी पहिल्यांदाच हसली.

धोंडस आईच्यासारखं झालं नव्हतं. कडेला करपलं होतं, आणि आत्याने चव बघूनही कुठेतरी किंचित कडू लागत होतं. पोरींनी सगळं संपवलं. मी डबा घेऊन वर आले, आणि तो घासताना मोरीत मला रडू फुटलं, दोन महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने. आत्या आली, माझ्या हातातून डबा घेतला आणि नळ बंद केला. "रड," म्हणाली. "माका काय सांगू नको. नुसता रड."

आत्या दिवाळीपर्यंत राहिली, मग गावी गेली. त्यानंतर आमचं घर मी आणि आप्पांनी चालवलं, ती वेगळी हकिगत आहे. आप्पांनाही जाऊन आता बरीच वर्षं झाली.

मागच्या ऑक्टोबरात छबी तिच्या नातीला घेऊन माझ्याकडे आली होती. ती आता साठीकडे झुकली आहे. बोलता बोलता भोंडल्याचा विषय निघाला. नातीला सांगत होती, "माझी आई मला फारशी आठवत नाही गं, मी लहान होते. पण एक दिवस अगदी स्वच्छ आठवतो. तिने धोंडस केलं होतं. बिल्डिंगीतल्या एकाही पोरीला ओळखता आलं नाही. आणि आई वर गॅलरीत उभी राहून हसत होती." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हो ना गं ताई? तुला आठवतं ना?"

मी हो म्हटलं.